तेहतिसावा रंग

१

साडी पांढरी होती म्हणून रक्त लगेच दिसलं.

सुरतेजवळच्या सचिन गावाच्या औद्योगिक वसाहतीत भूपेंद्रभाईंचा भरतकामाचा कारखाना आहे. चार लांबलचक मशिनं, प्रत्येकावर सुयांच्या ओळी, समोर फ्रेमवर ताणलेली साडी. लग्नसराईचं नवं डिझाइन त्याच दिवशी चढलं होतं. दुपारी चौथ्या मशीनवरची पहिली साडी पुरी होत आली, आणि मशीन चालवणाऱ्या सुवर्णाबाईंच्या बोटातून सुई आरपार गेली.

असं होणं शक्यच नव्हतं. प्रत्येक मशीनच्या पुढे न दिसणाऱ्या प्रकाशाचा एक पडदा असतो. हात त्यातून आत गेला की मशीन जागच्या जागी थांबतं. घरच्या उंबऱ्यावर म्हातारं माणूस बसावं तसा तो पहारा. भूपेंद्रभाईंनी हौसेनं पैसे मोजून मशीन चालवणारी नवी इलेक्ट्रॉनिक कार्डं बसवली होती, ती या पडद्यासाठीच.

पण शेठ धावत आले तेव्हा पॅनलवर लाल अक्षरांत लिहिलेलं होतं: सुरक्षा बंद.

मुख्य कारागीर निंबा त्यांच्या आधी पोहोचला होता. त्यानं लाल बटण दाबलं, मग मेन स्विच पाडला, सुई सोडवली, स्वतःचा गमछा सुवर्णाबाईंच्या हाताला गुंडाळला. दवाखान्यातून परतल्यावर शेठनी स्वतः मेन चालू केला. पॅनलवर हिरवी अक्षरं उमटली: सुरक्षा चालू.

पडदा बंद करायला पासवर्ड लागतो. तो दोघांनाच ठाऊक, निंबाला आणि मेकॅनिक गोपालला. गोपाल त्या वेळी सुटे भाग आणायला उधन्याला गेला होता. शेठनी सगळ्यांसमोर विचारलं, निंबा, तू केलंस का हे?

निंबा खाली बघत राहिला. मग म्हणाला, "लिहायचं ते लिहा, शेठ."

पंधरा वर्षांत त्या माणसानं शेठला उलट उत्तर दिलं नव्हतं. आणि आता सरळही देत नव्हता.

२

कार्ड बनवणारी कंपनी उधन्यात. तिथून हर्षदाला पाठवलं. कार्डाच्या पोटात जो प्रोग्राम असतो, सुयांना आणि मोटारींना थेट हुकूम देणारा, तो सांभाळणं हे तिचं काम. तिचे साहेब प्रशांत यांनी अहवालाचा मसुदा आधीच करून दिला होता. कार्डात दोष नाही, पडदा पासवर्ड वापरून मुद्दाम बंद केला गेला, वगैरे. सोमवारी तो सरकारी खात्याकडे जायचा होता. हर्षदानं फक्त जायचं, तपासायचं आणि सही करायची.

त्या सहीचा अर्थ तिला माहीत होता. निंबाचं नाव एकदा त्या कागदावर चढलं की सुरतेत कुठल्याही मशीनजवळ त्याला कोणी उभं करणार नाही. आणि खटला झालाच, तर तुरुंग.

भूपेंद्रभाई वाईट माणूस नव्हते. त्यांनी चहा मागवला. "बेन, जुओ, बघा," ते म्हणाले, "मी त्याला देवमाणूस समजत होतो. पण डोळ्यांनी पाहिलं ते पाहिलं." प्रॉडक्शन वाढावं म्हणून कारागीर कधीकधी पडदा बंद करतात, हात आत गेला की मशीन सारखं थांबतं ना, असं त्यांनी दुःखानंच सांगितलं.

गोपाल लिंबायतचा, सुरतेतल्या खानदेशी वस्तीतला, बोलका. हर्षदा अहिराणी बोलणाऱ्या घरातली आहे हे कळल्यावर तर फारच बोलका. उधन्याला जाण्याआधी चौथ्या मशीनची एक वाकलेली सुई आपण बंद करून दिली होती, त्यापलीकडे त्या मशीनला हात लावला नाही, असं त्यानं सांगितलं. हर्षदानं त्याला पडदा बंद करून दाखवायला लावलं. त्यानं पासवर्ड टाकला, अक्षरं लाल झाली. तिनं आत हात नेला, मशीन चालूच. मग तिनं मेन पाडला आणि पुन्हा चढवला.

अक्षरं लालच होती.

"ते तसंच राहणार," गोपाल म्हणाला. "पासवर्डनं बंद केलेलं पासवर्डनंच चालू होतं. लाईट गेली तरी विसरत नाही."

हर्षदा शेठकडे वळली. त्या दिवशी मेन चढवताना पॅनलला कुणी हात लावला होता का, असं तिनं विचारलं. कुणीच नाही, शेठ म्हणाले. मेन निंबानं पाडला तो मीच चढवला, मध्ये मशीन मेलेलं होतं.

म्हणजे पासवर्डनं बंद झालेला पडदा पासवर्डशिवाय चालू झाला होता. ते तर होऊ शकत नव्हतं. मग राहिली एकच गोष्ट. पडदा बंद होता, आणि तो कुणीही बंद केलेला नव्हता.

३

प्रशांत साहेबांनी फोनवर सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, घाबरलेला माणूस हिरव्याला लाल वाचतो. कारण सापडलं तर सांग, नाहीतर सोमवार जवळ आहे.

रविवारी लिंबायतच्या सोसायटीत अनुसयाबाईंचं कीर्तन होतं. हर्षदाची आई मालतीबाई एकही कीर्तन चुकवत नाहीत. मुलगी आपणहून बरोबर निघाली तेव्हा त्यांनी देवाचे आभार मानले, आणि तिथं निंबाला गाठायचंय हे कारण कळल्यावर म्हणाल्या, "चल, निमित्त काही का असेना. देवाच्या दारी आरोपी शोधायला आलेली तूच पहिली."

मंडपात जाजम अंथरलेलं. अनुसयाबाई उभ्या राहिल्या आणि पहिल्याच आळवणीला पोरांची रडणी थांबली. आवाज काय सांगावा! उसाच्या रसासारखा, घशाखाली गेला की थंड. मागे टाळकऱ्यांची रांग. त्या रांगेत बरोबर मध्यावर निंबाची जागा होती. गेली कित्येक वर्षं तो तिथं उभा राहायचा. आज तो चपलांच्या ढिगाजवळ बसला होता, हात मांडीवर, टाळ नाही.

कीर्तन संपून प्रसादाची रांग लागली तेव्हा हर्षदा त्याच्या शेजारी जाऊन बसली. तिनं पासवर्डचं सगळं सांगितलं. तुम्ही नाही केलंत हे मला कळलंय, मग बोलत का नाही, असं विचारलं. निरपराध माणसाला हे ऐकून हायसं वाटायला हवं. निंबाचा चेहरा मात्र उतरला.

"ताई," तो म्हणाला, "तुम्ही सही करी टाका. माझ्या पोरी सासरी गेल्या. मले काय, मी गावाकडे जाईन."

मग त्यानं, जणू सहज, विचारलं की त्या पहिल्या साड्या अजून कारखान्यातच आहेत का. शेठनी कुणाला पाहायला पाठवल्या नाहीत ना?

ज्याची रोजी जातेय, अब्रू जातेय, तो साड्यांची काळजी करत होता.

४

मंडपातून हर्षदा सरळ कारखान्यात गेली. पहिल्या साड्या तपासणीच्या खोलीत पडून होत्या. चार मशिनांच्या चार. हर्षदानं त्या टेबलावर पसरल्या आणि भिंग घेऊन बसली. वेलबुट्टी चारही साड्यांवर तंतोतंत सारखी. शेवटी पदराच्या दुमडपट्टीच्या आतल्या अंगाला, शिवल्यावर कधीच दिसणार नाही अशा जागी, तिला तिळाएवढा काळा टाका दिसला. एका साडीवर. मग दुसऱ्या. तिसऱ्या. चौथ्या, रक्ताच्या साडीवर, तो अर्धाच होता.

डिझाइनमध्ये काळा रंग तिथं नव्हताच.

तिनं गोपालला बोलावलं. त्यानं पाहिलं, दाराकडे पाहिलं, आणि कान खाजवत हसला. "तीट आहे, बेन."

लेकराला न्हाऊमाखू घातलं की आई गालाला काजळाचं बोट लावते, दृष्ट लागू नये म्हणून. खानदेशातल्या या बाया नव्या डिझाइनच्या पहिल्या साडीलाही तसंच करतात. डिझाइन संपलं की पॅनलवर आणखी एक रंग द्यायचा, काळा, आणि दोन टाके घालायचे. कुणाच्या तरी लेकीच्या लग्नाची साडी, तिला नजर लागू नये. पैसा नाही, दाम नाही, नुसती माया. पण मागच्या वर्षी एका व्यापाऱ्याला ते सापडलं. लग्नाच्या कापडावर काळं म्हणजे अपशकुन, म्हणून त्यानं गठ्ठाच परत केला. तेव्हापासून शेठनी सक्त मनाई केली होती. यापुढे तीट दिसली तर ती घालणारी घरी बसेल, असं.

सुवर्णाबाई लिंबायतच्या एका खोलीत राहतात. नवरा गेल्यापासून दोन मुलांचं त्याच बघतात. हर्षदा गेली तेव्हा त्या डाव्या हातानं तांदूळ निवडत होत्या. हर्षदा म्हणाली की मी चारही साड्या पाहिल्यात, शेठना अजून दाखवलेल्या नाहीत. तेव्हा त्यांनी सूप खाली ठेवलं.

तीट कोपऱ्यावर येते, तिथं कापड ढिलं पडतं. म्हणून त्या बोटानं दाबायच्या. हात आत गेला की मशीन थांबायचं, त्या कापड सारखं करून हात काढायच्या, पुन्हा चालवायच्या. पडदा आल्यापासून असंच. त्या दिवशी मशीन थांबलं नाही.

"तो रंग देताना मन्हाच हातून काही चुकीचं दाबाई गयं व्हई," त्या म्हणाल्या. "निंबाभाऊनं दवाखान्यातच सांगितलं, तू तोंड उघडू नको. तीटेचं कळलं तर तुझी नोकरी जाईल, पोरं उघडी पडतील. जे यायचं ते माझ्यावर येऊ दे." डोळ्यांतलं पाणी त्यांनी खांद्याला पुसलं. "रक्ताचा नाही, गावचा बी नाही. पण मन्हा भाऊ शे तो."

आता निंबाचं मौन कळलं होतं. पण गाठ सुटण्याऐवजी घट्ट झाली होती. तीट तर चौघींनी घातली होती. तेच डिझाइन, तोच काळा रंग, तीच बटणं. तीन मशिनं शहाण्यासारखी थांबली. चौथंच का डसलं?

५

सोमवारी सकाळी हर्षदा सगळ्यांच्या आधी कारखान्यात पोहोचली. गोपालला तिनं चौथ्या मशीनवर चिंधी ताणायला सांगितली. नवं डिझाइन भरलं आणि शेवटी सुवर्णाबाईंसारखाच एक काळा रंग जोडला.

अक्षरं लाल झाली. सुरक्षा बंद.

गोपालनं पॅनलकडे पाहिलं, मग स्वतःच्या हातांकडे. पासवर्ड कुणीच टाकला नव्हता. हर्षदानं मेन पाडून चढवला. अक्षरं हिरवी. शेठनी खरंच लाल वाचलं होतं, आणि खरंच हिरवं.

तिनं तिसऱ्या मशीनवर तेच केलं. अक्षरं हिरवीच राहिली. पुन्हा केलं. हिरवीच. मग ती दोन मशिनांच्या मध्ये उभी राहून नुसती बघत राहिली, कीर्तनात बुवा एकाच चरणावर घोळत राहतात तसं, पुढे जाण्याची घाई नसलेलं. बघता बघता तिला रिळं दिसली. तिसऱ्या मशीनवर काळं रीळ पहिल्या सुईवर होतं. पहिल्या आणि दुसऱ्यावरही तसंच. चौथ्यावर मात्र ते सहाव्या सुईवर.

"वाकलेली सुई पहिलीच होती ना?" तिनं विचारलं.

गोपालनं मान हलवली. ती बंद करून काळा दोरा त्यानंच सहाव्या सुईवर नेला होता.

हर्षदानं लॅपटॉप उघडला आणि सुयांना रंग नेमून देणारा तो प्रोग्रामचा तुकडा शोधला. जुना होता, कित्येक वर्षं कुणी न उघडलेला. पंधरा मिनिटांत तिला ती ओळ सापडली, आणि ती स्वतःशीच "अरे देवा" म्हणाली.

तोवर शेठ आले होते. तिनं निंबालाही निरोप धाडून बोलावून घेतलं. तो दारातच उभा राहिला, पाहुण्यासारखा.

"निंबाभाऊ, कीर्तनात टाळकऱ्यांची रांग असते ना," हर्षदा म्हणाली. "समजा जाजमावर बत्तीस जणांचीच जागा आहे. त्याला लागूनच पखवाजी. दारात एक माणूस बसवलाय मोजायला. त्याला सांगायचं होतं, बत्तीस झाले की पुढच्याला हात जोड. पण सांगणाऱ्याची चूक झाली, तो एकानं जास्त सोडतो. तेहतिसावा आला. बिचारा भक्तिभावानं आला. जाजमावर जागा नाही, म्हणून तो सरकत सरकत पखवाजीच्या जागेवर बसला."

"पखवाज बंद," निंबा म्हणाला.

"तसंच झालंय."

कार्डाच्या स्मरणात रंगांसाठी बत्तीस घरं होती. प्रत्येक घरात त्या रंगाच्या सुईचा क्रमांक. मोजणी शून्यापासून, म्हणून शेवटच्या घराचा क्रमांक एकतीस. प्रोग्राममध्ये लिहिलेलं होतं, घराचा क्रमांक बत्तीसपेक्षा मोठा असेल तर नकार दे. लिहायला हवं होतं, बत्तीस किंवा त्याहून मोठा. एका चिन्हाचा फरक. म्हणून आणखी एकच रंग आत शिरायचा आणि शेजारच्या घरात जाऊन बसायचा. ते शेजारचं घर पडद्याचं होतं. तिथं शून्य असेल तर पहारा चालू, दुसरं काहीही असेल तर बंद.

आजवर डिझाइनं छोटी होती. तीट घालूनही घरं उरायची. या लग्नाच्या साडीनं पहिल्यांदाच सगळी बत्तीस भरली, आणि तीट झाली तेहतिसावा रंग.

"मग बाकी तीन मशिनं?" शेठनी विचारलं.

"तिथंही तीट पहाऱ्याच्या घरात शिरली. पण तिथं काळा दोरा पहिल्या सुईवर. कार्डाच्या हिशेबात पहिली सुई म्हणजे शून्य. शून्याच्या जागी शून्यच बसलं, कुणाला पत्ता लागला नाही. इथं सहावी सुई होती." तिनं लॅपटॉप मिटला. "मेन पाडला की तात्पुरती घरं पुसली जातात, म्हणून सगळं पुन्हा हिरवं. कुणी पासवर्ड टाकला नाही. सुवर्णाबाईंनीही चुकीचं काही दाबलं नाही. यातला एकही माणूस दोषी नाही, शेठ. दोष आमच्या कार्डाचा आहे."

तीटेची गोष्ट आता उघड्यावर आली होती, आणि सगळ्यांचे डोळे भूपेंद्रभाईंवर होते.

६

शेठनी ती पांढरी साडी मागवून घेतली. त्यांनाही एक मुलगी होती, तिचंही लग्न जवळ आलं होतं, हे सगळ्यांना ठाऊक होतं. त्यांनी पदराची घडी उलगडून तो अर्धा टाका अंगठ्यानं चाचपला. सुवर्णाला सांगा, ते गोपालला म्हणाले, बोट बरं होईस्तोवर पगार घरी येईल, मग कामावर यायचं. मग ते निंबापुढे उभे राहिले. गुजरातीत एवढंच म्हणाले की मी तुला सगळ्यांसमोर विचारलं होतं, म्हणून सगळ्यांसमोर सांगतो, माझं चुकलं.

प्रशांत साहेबांचा फोन त्याच वेळी आला. हर्षदानं ती ओळ वाचून दाखवली. ते म्हणाले की अहवालात ऑपरेटरनं मर्यादेबाहेर रंग दिला एवढं लिहिलं तरी ते खोटं होणार नाही.

"खोटं नाही, सर," ती म्हणाली. "पण त्या बाईला मर्यादा कुणी सांगितली होती? चौतिसावा रंग दिला तर कार्ड नको म्हणतं. तेहतिसाव्याला या म्हणालं. आपणच दार उघडलं आणि आपणच बोट दाखवायचं?"

ही कार्डं सुरतभर गेलेली होती. खरं लिहिलं तर कंपनीला फार जड जाणार, हे दोघांनाही कळत होतं. प्रशांत साहेबांनी एक सुस्कारा सोडला. तसं लिही, ते म्हणाले, आणि खाली माझ्या सहीला जागा ठेव.

दुरुस्तीला दहा मिनिटं लागली. हर्षदानं चिन्ह बदललं, पहाऱ्याचं घर रंगांपासून दूर नेऊन ठेवलं, आणि रंगांची यादी भरली की पॅनलनं तसं स्पष्ट सांगावं, मराठीत आणि गुजरातीत, अशी सोय केली. मग गोपालबरोबर चारही मशिनांवर तेहतिसावा रंग देऊन पाहिला. कार्डानं नम्रपणे नकार दिला, आणि अक्षरं हिरवी राहिली.

लोक निंबाच्या पाठीवर थापा मारत होते. कुणीतरी पेढे आणायला धावलं. निंबाच्या चेहऱ्यावर मात्र आनंद असा दिसेना. तो हर्षदाजवळ आला.

"ताई, हे कार्ड आणखी कोठे कोठे शे?"

तिनं सांगितलं. पांडेसरा, इच्छापोर, खुद्द सचिनमध्येच कितीतरी. सगळ्यांना आज पत्रं जातील, नवा प्रोग्राम जाईल, तोवर यादी पूर्ण भरू नका असा निरोप जाईल.

"पत्र शेठ वाचतील," निंबा म्हणाला. "तीट बाया घालतात. शेठना ठाऊकच नाही, ते काय थांबवणार? आणि तुम्ही विचारलं तर बाया तुम्हाला सांगणार नाहीत. मला सांगतील."

पेढे येण्याआधीच तिघं निघाले. गोपालची मोटरसायकल पुढे, हर्षदाची गाडी मागे. पहिला कारखाना त्याच वसाहतीतला होता. आत शिरताच मशिनांचा गदारोळ. दाराजवळच्या मशीनवर एक पोरसवदा बाई लाल शालूच्या शेवटच्या रांगेवर नजर लावून उभी होती. एक हात पॅनलवर, दुसरा कापडाच्या कोपऱ्याकडे निघालेला.

निंबानं तिला घाईनं हाक मारली नाही. घाबरून हात कुठेही गेला असता. तो तिला दिसेल असा समोर जाऊन उभा राहिला, हात जोडले आणि कुठल्या गावची विचारलं. अमळनेरची निघाली. तेव्हा त्यानं आवाज खाली आणून विचारलं, "बहिनबाई, पहिली साडी शे का? तीट घालतीस ना?"

तिनं आधी शेठच्या केबिनकडे पाहिलं. मग हर्षदाकडे. मग पुन्हा निंबाकडे, आणि हळूच होकाराची मान हलवली.

हर्षदानं मेन स्विच खाली ओढला.